हा मुलामा नव्हे

"शेवटी हा प्लास्टिकवरचा धातूचा मुलामाच की," असं आयन रोपणाबद्दल, म्हणजे प्लास्टिकमध्ये चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) घुसवण्याबद्दल, वर कुणी म्हटलंय, ते पटत नाही. वाळूजला प्लास्टिकवर क्रोम चढवणाऱ्या कारखान्यात मी चार वर्षं काढली. थर घट्ट बसलाय का ते बघायला ब्लेडने चौकड्या ओरखडायच्या, सेलोटेप दाबून चिकटवायची आणि झटक्यात ओढायची. काम कच्चं असेल तर टेपला चकचकीत पापुद्रा येतोच. आयन रोपणात ओढायला पापुद्राच नसतो. निर्वातात, काही दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने सोडलेले चांदीचे आयन पृष्ठभागाच्या आत घुसून बसतात, तेही जेमतेम काही दहा नॅनोमीटरवर. खालचं प्लास्टिक होतं तसंच राहतं.

आणि असा चांदी रोपलेला तुकडा तपकिरी पडतो तो निव्वळ धातूमुळे, हेही अर्धंच खरं. धातूऐवजी आरगॉन या निष्क्रिय वायूचे आयन मारले तरी तो काळवंडतो! आयनांच्या माऱ्याने बहुवारिकाच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या, साखळ्या तुटतात, हायड्रोजन निसटतो, कार्बन मागे उरतो. तव्यावर भाकरी करपावी तसं, फक्त फार पातळ थरात. हा कार्बनही थोडीफार वीज वाहून नेतो. म्हणून वाहकता वाढली की लगेच श्रेय चांदीला देऊ नका, आधी तेवढाच आरगॉन मारलेला तुकडा शेजारी ठेवून मोजा. चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) सहसा दर चौरस सेंटिमीटरला 1 वर 16 शून्यं इतके आयन गेल्यावर दिसू लागतात. तिथवर घाईने पोचायला आयनांच्या झोताचा प्रवाह वाढवला, तर पातळ शीट तापून पापडासारखी वळते.