मदत हवी आहे: शाळेत हलगी-लेझीम आणि झिम्मा गावातल्याच माणसांकडून शिकवायचा आहे

नमस्कार मंडळी,

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, मराठी माध्यमाच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी शिकवते. पहिली ते सातवी, पट ४३. मुलांना लोकसंगीत आणि लोकनृत्य शिकवायचं आहे, आणि ते नीट व्हावं अशी फार इच्छा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी वर्गणी काढून बाहेरचा एक गट बोलावला होता. दोन तासांची कार्यशाळा, पेनड्राइव्हवरची गाणी, मोठा स्पीकर, भाड्याच्या नऊवारी. मुलं त्या दिवशी खूष होती, पण आठवड्याभरात एकालाही एक ओळ आठवेना.

आमच्याकडे अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, स्वयंपाक करणाऱ्या मावशी खिडकीतून सगळं बघत होत्या. मंडळी गेल्यावर म्हणाल्या, "बाई, ह्यो झिम्मा न्हवं. गाणं आपल्याच गळ्यातनं याय पायजे, न्हाईतर टाळी चुकतीया." हात पुसले, बारा मुलींना घेतलं, सहांचं आतलं रिंगण आणि सहांचं बाहेरचं. आधी नुसत्या टाळ्या, मग ओळ, मग पाय. अर्ध्या तासात मुली गायला लागल्या. पाचवीतल्या एकीने माहेरच्या गाण्यात आपल्या भावाचं नाव घातलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आता तुला आलं." हे शिकवणारी माणसं गावातच आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

लेझीमचंही तसंच. चार आवाज, आदि लगाव, पवित्रा हे प्रकार मी पीटीच्या तासाला शिट्टीवर घेते. गावातली लेझीम मात्र हलगीवर चालते. हलगी वाजवणारे एक मामा आहेत, सत्तरीचे. जुलैत एकदा त्यांना बोलावलं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कातडं सैल पडलेलं. त्यांनी शाळेमागच्या पडवीत गवताच्या जाळावर हलगी फिरवली, बोटाने टिचकी मारून दोनदा ऐकलं, परत फिरवली. त्रेचाळीस मुलं गप्प उभी होती. मग एका हातात बारीक लांब काडी, दुसऱ्यात आखूड टिपरू, आणि पहिला ठोका पडल्यावर शिट्टीची गरजच उरली नाही.

आता अडचणी. पैशांची साधी आहे: मामांचा रोज बुडतो, शाळेच्या अनुदानात यासाठी रक्कम नाही. एसडीएमसी (शाळेची विकास आणि देखरेख समिती) तयार आहे, पण किती आणि कसं द्यावं ते कुणालाच सुचत नाही. वेळ श्रावणातली जमेल. सुगीत भातकापणीला सगळेच शिवारात असतात.

खरी अडचण दुसरी आहे. एका पालकांनी येऊन सांगितलं, "लेझीम शिकवा, पण आमचा मुलगा हलगीला हात लावणार नाही." कारण तुम्हाला कळलंच असेल: जात. आणि मामांचं म्हणणं याहून जड आहे. त्यांचा नातू आमच्याच सहावीत आहे. बाकावर बोटांनी असा ठेका धरतो की मी फळ्याकडे तोंड करूनही ओळखते. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, बाकीच्या पोरास्नी शिकवतो. ह्याला नको. आमास्नी हलगीसाठी बोलवायचं आणि उंबऱ्याबाहेर बसवायचं. त्यानं शिकून नोकरी करावी." त्यांना काय उत्तर द्यावं, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

अशा गोष्टीतून कुणी गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद : चंदगडकर

बाई, मी सीमेच्या अलीकडे शिक्षक आहे. आमच्याकडेही हेच झालं होतं. आम्ही दोन हलग्या शाळेच्या नावे घेतल्या आणि लेझीमसोबत कपाटात ठेवल्या. वाजवायची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने, सगळ्यांना. वाद्य शाळेचं झालं की ते कुणा एका घराचं काम राहत नाही. त्या पालकांना मी घरी जाऊन भेटलो, सभेत बोललो नाही. आणि वाजवणाऱ्यांना खुर्ची ऑफिसात, चहा शिक्षकांबरोबर त्याच कपात. मुलं त्यांना गुरुजी म्हणतात.

प्रतिसाद : घटप्रभा

पैशांसाठी कन्नड व संस्कृती खात्याच्या जिल्हा कार्यालयात अर्ज देऊन बघा. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही येतात, तिथे मराठीतून पत्र लिहायला संकोच नको. अजून एक, शेजारच्या कन्नड शाळेला सोबत घ्या. आमच्या गोकाक भागातला डोळ्ळू आणि तुमच्याकडचा धनगरी ढोल, दोन्ही एकाच देवापुढे वाजतात. तुमचा बिरोबा, आमचा बीरप्पा. मुलांना हे सांगायचीही गरज पडत नाही, ढोल ऐकून कळतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. हजेरीपटाची गोष्ट फार पटली. क्रमाने गेलं तर नातवाचीही पाळी येईल, इतरांसारखीच. पण मामांना न विचारता ती आणायची नाही. शनिवारी त्यांच्या घरी जाते, मावशींनाही सोबत नेते. त्या त्यांच्या वयाच्या आहेत, माझ्यापेक्षा मोकळं बोलतील.

एवढं सांगा, लहान हातांना पेलेल अशी हलगी कुठे बनवून मिळेल? कातड्याचीच हवी, प्लास्टिकची नको. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, कुठेही जायची तयारी आहे.