दर वर्षी समुद्रकाठच्या त्याच गावी जाणे: आवड की नुसती सवय?

किनारवाट:

नमस्कार. गेली कित्येक वर्षे आमचे कुटुंब सुटीसाठी समुद्रकाठच्या एकाच लहान गावी जात आले आहे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझा प्रश्न त्या गावाविषयी नसून अशा पुन्हा पुन्हा जाण्याविषयी आहे. उतरण्याची जागा तीच असते आणि मिळाली तर खोलीही तीच. खाऱ्या हवेने गंजलेली तिथल्या खिडकीची कडी अंगठ्याने किंचित उचलून धरल्याशिवाय बसत नाही, हे आम्हा चौघांच्याही हातांना पाठ झाले आहे.

यंदा मात्र महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मुलीने सरळच विचारले, ‘‘आई, तिथे आपण न पाहिलेले असे उरले आहे तरी काय?’’ धाकट्याला तिथेच जायचे आहे आणि यजमानांना मुळात हा प्रश्नच पडत नाही, त्यामुळे उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुने फोटो चाळताना आणखी एक गोष्ट खटकली. मुलांच्या उंचीखेरीज एक वर्ष दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येईल अशी एकही खूण त्यांत सापडत नाही. सगळ्या सुट्या मिळून एकच सुटी झाल्यासारखे वाटते. आपण ज्याला आवड म्हणतो तो निव्वळ निवड करण्याचा कंटाळा तर नाही ना, अशी शंका त्यामुळे मनात आली आहे. ज्यांनी याचा विचार केला असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अनुस्वार:

आपण मांडलेल्या शंका दोन आहेत आणि त्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. पहिली आवडीविषयीची. एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली प्रयोगांनी दाखवून दिले होते. तेव्हा आपल्या आवडीत सवयीचा वाटा आहे हे मान्य करायला हरकत नाही, पण तेवढ्याने ती खोटी ठरत नाही. माणसांवरचा लोभही बऱ्याच अंशी सहवासानेच वाढतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही.

दुसरी शंका आठवणींची आहे आणि ती मला अधिक खरी वाटते. आपली स्मृती सुटीचा कालावधी मोजत बसत नाही. तिच्यात राहतात ते सर्वांत उत्कट क्षण आणि शेवट, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून दिसते. दर वर्षीचा क्रम तोच, शेवटची संध्याकाळही तशीच, मग वर्षे एकमेकांत मिसळणारच. ही तक्रार गावाची नसून दिनक्रमाची आहे, आणि गाव न बदलताही ती दूर करता येते.

ओळखीच्या जागेचा एक लाभ मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. नेदरलँड्समधील सुमारे दीड हजार प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे आढळले की सुटीवर जाणारी माणसे इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात ती जाण्यापूर्वी. परतल्यावर, सुटी अतिशय निवांत गेलेल्यांचा अपवाद सोडला, तर दोन्ही गटांत फारसा फरक उरत नाही. म्हणजे सुखाचा मोठा भाग वाट पाहण्यात असतो. अनोळखी गावाची वाट पाहताना कल्पनेला धरायला काही नसते. आपल्याला मात्र ती कडी कशी बसवायची हेसुद्धा निघण्यापूर्वीच आठवत असते.

जुनी_वही:

या सवयीचा इतिहास थोडा कमी काव्यमय आहे, म्हणून लिहितो. समुद्रकाठी जाण्याची युरोपातील प्रथा सुरुवातीला हौसेची नव्हती, ती औषधोपचाराची होती. रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकाच्या मध्यात समुद्राच्या पाण्यात स्नान करण्याचा आणि ते पिण्याचाही सल्ला दिला आणि ब्रायटन या इंग्लंडमधील समुद्रकाठच्या गावाची भरभराट सुरू झाली. पुढे रेल्वेने हे गिऱ्हाईक बदलले. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूलला रेल्वे 1846 साली पोहोचली. त्याच भागातील लँकशर परगण्याच्या कापडगिरण्यांच्या गावांत वर्षातून ठरावीक आठवडा गिरण्या बंद ठेवल्या जात, तेव्हा गल्लीच्या गल्ली तिथे लोटे आणि अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच घरमालकिणीकडे उतरत. भरपगारी रजेचा हक्क तर फार उशिरा आला. फ्रान्समध्ये 1936 साली दोन आठवड्यांचा, ब्रिटनमध्ये 1938 च्या कायद्याने काही कामगारांना एका आठवड्याच्या रजेची वाट मोकळी केली.

हे सांगण्याचे कारण असे की, त्याच गावी परत जाण्याची रीत प्रेमातून जन्मलेली नाही. तारखा मालकाने ठरवलेल्या, गाडी एकाच दिशेला जाणारी आणि रजा इतकी तुटपुंजी, की ती अनोळखी जागी फुकट घालवण्याचा धोका कोणालाच परवडणारा नव्हता. गावाचा लळा लागला तो नंतर. आज ती सक्ती उरलेली नाही आणि लळा तेवढा शिल्लक आहे. तेव्हा ताईंच्या शंकेतला कंटाळा मला खोटा वाटत नाही. थोडीच रजा असलेला माणूस जोखीम टाळतो, हे मात्र शहाणपणच म्हणावे लागेल.

खारा_वारा:

वरच्या दोन्ही प्रतिसादांत माणसांचा विचार झाला, समुद्राचा झाला नाही. आपल्या कन्येचा प्रश्न ‘न पाहिलेले काय उरले’ असा असेल, तर उत्तर आहे: बहुतेक सगळेच.

आपण कदाचित दर वर्षी त्याच तारखांना जात असाल. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते, त्यामुळे त्याच तारखेला चंद्राची कला पुढच्या वर्षी तितकीच पुढे सरकलेली असते. एका वर्षी त्या तारखेला उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती असेल, तर दुसऱ्या वर्षी भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) असू शकते, आणि चंद्राच्या त्याच कला त्याच तारखांना साधारण 19 वर्षांनी परत येतात. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला जो खडकाळ भाग उघडा पडतो, तो भांगाच्या दिवसांत पाण्याबाहेर येतच नाही. शिवाय भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी मागे पडते. म्हणून ज्या किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते तिथे एका आठवड्याच्या मुक्कामातच सकाळचा समुद्र ओहोटीवरून जवळपास भरतीवर जातो. आणखी एक गंमत अशी की, एखाद्या ठिकाणी उधाणाच्या भरतीची वेळ घड्याळात दर खेपेला जवळपास तीच असते. त्यामुळे तारखेऐवजी अमावास्या-पौर्णिमा पाहून गेलात, तर अगदी गेल्या वर्षीसारखी सकाळ मिळेल, आणि नको असेल तर ती टाळताही येईल.

वाळूचेही तसेच आहे. वादळी ऋतूतील उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे बांध घालतात. शांत ऋतूतील लांब, सावकाश लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. मी ज्या किनाऱ्यावर वरचेवर जातो, तिथे बंधाऱ्यावरून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. कधी शेवटच्या पायरीवरून उडी मारावी लागते, तर कधी खालच्या पायऱ्या वाळूत पुरत्या गाडलेल्या असतात आणि त्यांच्यावरचे शेवाळे वाळून करडे पडलेले असते. दर वर्षी एकाच ऋतूत जाणाऱ्याला या दोन्ही अवस्था दिसत नाहीत, म्हणून त्याला गाव बदलत नाही असे वाटते. ताईंनी एकदा ऋतू बदलून पाहावा, असे मी सुचवेन.

परतीची_गाडी:

मी स्वतः अशा घरातली मुलगी आहे, म्हणून आपल्या मुलीच्या बाजूने लिहिते. वरील माहिती उत्तम आहे, परंतु वीस वर्षांच्या मुलीला भरती-ओहोटीचे गणित समजावून सांगितल्याने ती आनंदाने बॅग भरेल असे मला वाटत नाही. तिचा प्रश्न समुद्राविषयी नाहीच. त्या गावातली तिची प्रत्येक ओळख ‘अमक्यांची मुलगी’ अशी आहे आणि तिला एखाद्या ठिकाणी तशी ओळख नसताना उतरायचे आहे.

वयाचाही भाग आहेच. पुढे भरपूर काळ आहे असे वाटत असताना माणूस नव्याचा शोध घेतो आणि काळ आटत चालल्याची जाणीव झाली की ओळखीच्या, मायेच्या गोष्टींकडे वळतो, असे मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचे संशोधन सांगते. ते मुख्यतः माणसांच्या निवडीविषयी आहे, तरी गावांनाही ते लागू पडावे असे माझे मत आहे. आपण आणि आपली मुलगी, दोघीही आपापल्या जागी बरोबर आहात. तिला यंदा येऊ नको असे मोकळेपणाने सांगा. रुसून नव्हे, आणि ‘बघ, तुला आठवण येईल’ अशी पुस्ती न जोडता. आमच्याकडे ती पुस्ती जोडली गेली आणि त्यामुळेच मी जरा जास्त काळ तिकडे फिरकले नाही.

आणखी एक, थोडे कडू वाटेल. वर्षानुवर्षे येणारे पाहुणे ‘आमचे गाव आता पूर्वीसारखे राहिले नाही’ असे फार लवकर म्हणू लागतात. आपल्या सुटीसाठी तिथला रस्ता अरुंदच राहावा आणि घरे कौलारूच राहावीत, ही अपेक्षा तिथे बारा महिने राहणाऱ्यांवर अन्याय करणारी आहे.

किनारवाट:

सर्वांचे मनापासून आभार. मुलीशी बोलणे झाले. ती यंदा मैत्रिणींबरोबर डोंगरात जाणार आहे आणि आम्ही तिघे नेहमीच्याच गावी जाऊ, मात्र खारा_वारा यांच्या सूचनेप्रमाणे वेगळ्या ऋतूत आणि उधाणाचे दिवस पाहून. दर वर्षी नेमके काय वेगळे दिसले याची दोन ओळींची नोंद ठेवायचे ठरवले आहे. एकच विचारायचे राहिले. धाकटा पोहतो, तिथली पोहण्याची जागा आम्हाला चांगली ठाऊक आहे, तेव्हा ऋतू बदलल्याने काही वेगळी काळजी घ्यावी लागेल का?

खारा_वारा:

होय, आणि ‘चांगली ठाऊक आहे’ या वाक्याचीच मला भीती वाटते. पाण्याखालचे वाळूचे बांध सरकले की त्यांच्यामधल्या खाचाही सरकतात. किनाऱ्यावर आलेले पाणी याच खाचांतून अरुंद पट्ट्याने वेगाने समुद्राकडे परतते. त्याला रिप करंट म्हणतात. त्याचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण तो अडीच मीटरपर्यंतही जाऊ शकतो आणि त्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही चालत नाही. गेल्या वर्षीची निर्धोक जागा यंदा नेमकी अशा खाचेवर असू शकते.

पाण्यात उतरण्यापूर्वी थोड्या उंचावरून दहा-पंधरा मिनिटे समुद्र पाहावा. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत, गडद किंवा गढूळ दिसत असेल, तर तिथे जाऊ नये. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहून हात वर करावा, आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडल्यावर मग तिरके परत यावे. जीवरक्षक असतील तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पोहावे. नसतील, तर पहिल्या दिवशी तिथल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय मुलाला गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ देऊ नये.