पुस्तक आधी की पटकथा? ‘फ्लॅट’वाल्या सल्ल्याला उत्तर

कोयनाकाठ (कराड)
काल इथं एका सद्गृहस्थांनी नव्या पोरांना सल्ला दिला: “पुस्तकाच्या नादी लागू नका, पाचशे प्रती छापून माळ्यावर पडतात. सरळ मालिकेत शिरा, दोन वर्षांत ठाण्यात फ्लॅट.” खाली टाळ्यांचा खच. वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाचशे प्रतींचं खरं आहे. पण नवख्याची पटकथा कोण वाचतो? निर्माता, दिग्दर्शक, चॅनेल सगळे ‘हो’ म्हणाले तरच तिला किंमत, नाहीतर लॅपटॉपमध्येच म्हातारी होते. कथासंग्रह निदान तालुक्याच्या वाचनालयात तरी पोचतो. शिवाय कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहिलेल्या मांडणीला देतो. छापलेली कथा तारखेसकट तुमच्या नावावर असते. मीटिंगमध्ये चहा पिता पिता सांगितलेली गोष्ट कुणाचीही होते. वाटेगावच्या अण्णा भाऊंची ‘फकिरा’ कादंबरी 1959 ची, सिनेमा 1963 चा. आधी पुस्तक, मग पडदा. मला हाच क्रम पटतो.

माहुलीचा घाट (सातारा)
फ्लॅटवाला मीच. साहेब, महिन्याच्या एक तारखेला तुमच्या खात्यात पगार जमा होत असणार, म्हणून हा क्रम सुचतो. माझा कथासंग्रह प्रकाशकानं माझ्याच पैशानं छापला आणि रॉयल्टी म्हणून प्रतींचा गठ्ठा हातात ठेवला. तो मी लग्नाकार्यात आहेर म्हणून संपवला. एका मामांनी तर विचारलं, “पाकीट राहिलं का रं घरी?” आज संवाद लिहितो आणि दर महिन्याला पैसे येतात.

विट्याची लेक
दर महिन्याला? दादा, नशीबवान आहात. आम्हाला एपिसोड टीव्हीवर दिसल्यावर तीन महिन्यांनी चेक, तोही चार फोन केल्यावर. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. रात्री अकराला फोन येतो, “सासूच्या तारखा नाहीत, तिला गावाला पाठव.” सकाळच्या शिफ्टला सीन तयार पाहिजे. हे सगळं मी दुसऱ्याच्या नावानं लिहिलं. श्रेयनामावलीत शोधू नका, मी तिथं नाही.

कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर लेखकाला रॉयल्टीचा हक्क करारात सहजासहजी सोडून देता येत नाही. हे वाक्य एकदा निर्मात्यासमोर म्हणून बघा. दुसऱ्या दिवशी तुमच्या खुर्चीत दुसरा बसलेला असेल.

आटपाडीकर
भांडताय कशाला? आमच्या गदिमांनी कविता, कथा, पटकथा, गाणी सगळं केलं. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांचीच. सांगलीची मातीच तशी.

औंधकर
‘आमच्या’? 1919 ला ते शेटफळ्यात जन्मले तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. औंध कुठल्या जिल्ह्यात येतं ते बघा आणि मग माती काढा.

आटपाडीकर
संस्थान गेलं, राजे गेले, तुमची अकड तेवढी राहिली. शेटफळं आज सांगली जिल्ह्यात आहे, विषय संपला.

औंधकर
संपला कसा? 1949 ला तुमचा जिल्हा झाला तोच मुळात ‘दक्षिण सातारा’ नावानं. ‘सांगली’ नाव 1960 चं. सातबारा आमचाच.

आटपाडीकर
1843 ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत केलं. मराठी नाटकाचा जन्म आमच्याकडचा. तुमच्याकडं काय, कंदी पेढे?

औंधकर
आणि 2026 च्या जानेवारीत 99 वं साहित्य संमेलन कुठं झालं? भडंग खात खात शोधा.

कोयनाकाठ (कराड)
दोघांनीही कराडला खिजगणतीत धरलं नाही, आभारी आहे. मूळ विषयावर याल का?

माणदेशी काटा
येतो. गदिमांचा दाखला इथं लागूच होत नाही. 1938 च्या ‘ब्रह्मचारी’त ते आधी पडद्यावर दिसले, लिहिणं पुढं आलं. कोल्हापुरात तेव्हा सिनेमाच्या कंपन्या होत्या. पडेल ते काम करत, थोरांच्या हाताखाली पोरगा शिकायचा. आज शिकवणार कोण? वाईच्या घाटावर शूटिंग येतं तेव्हा व्हॅनिटी येते, जेवणाचा टेम्पो येतो, गावातली पोरं गर्दीत उभी करतात. लेखक मात्र मुंबईत. त्याला भेटायचं तर अंधेरीत भाड्यानं राहायला लागतं. सातारा-सांगलीच्या पोरानं ते भाडं कुठून आणायचं, हे फ्लॅटवाले सांगत नाहीत.

माहुलीचा घाट (सातारा)
भाड्याचं खरं आहे. मीही सुरुवातीला मित्राच्या खोलीत गादीवर जागा मिळेल तसा झोपलोय. बरं, जिंकलात तुम्ही, हार पाठवून देतो. पोरांनो, पुस्तक आधी लिहा. पण प्रकाशकाला स्वतःचे पैसे देऊ नका आणि पडद्यासाठी हक्क देताना मुदत घाला. मुदतीत सिनेमा झाला नाही तर हक्क परत, हे कागदावर पाहिजे. माझी एक कथा अशीच अडकून बसलीय. निर्माता ती करतही नाही आणि सोडतही नाही.

विट्याची लेक
म्हणजे कुणी मागितली ती छापील कथाच ना?

माहुलीचा घाट (सातारा)
हो बाई, संग्रहातलीच. आता वकिलीण होऊ नका.

औंधकर
शेटफळ्याचं अजून मिटलेलं नाही.