मदत हवी आहे: सासूबाईंची खालची कवळी जेवताना उचलते, चावता येत नाही (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहिते.

सासूबाई ७१ वर्षांच्या, डायबेटिस आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू. वरची कवळी बरीच जुनी आहे, तिची काही तक्रार नाही. खालचे हलणारे दात गेल्या वर्षी काढले आणि पावसाच्या तोंडावर खालची पूर्ण कवळी करून घेतली, तिथून सगळं बिनसलं. बोलायला ठीक, फोटोत तर झकास, पण ताटावर बसल्या की खालची कवळी जिभेबरोबर वर येते, मग तिच्याखाली उकड्या तांदळाचं शीत शिरतं, ते टोचतं, डाव्या बाजूला आतून हिरडी लाल झालीये. डॉक्टरांनी घासून दिली, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. आता देवळात आणि लग्नाला जाताना कवळी तोंडात आणि पंगतीला बसल्या की काढून रुमालात, म्हणजे हत्तीसारखे दाखवायचे दात वेगळे, फक्त खायचे दात आमच्याकडे नाहीतच.

खरी काळजी खाण्याची आहे. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि हुमणाचा (माशाच्या आमटीचा) नुसता रस, संध्याकाळी चहात बुडवून पाव. तळलेला बांगडा बंद, पोई (आमच्याकडचा कोंड्याचा पाव) बंद, भाजी बारीक केली तरच. वजन उतरलंय आणि साखर मात्र वर, कारण पोटात सगळं तेच जातंय. काही बोललं की "म्हाका नाकात हे दांत" (मला नकोत हे दात) म्हणून मोकळ्या.

तर कवळीचं माप चुकलंय की फक्त सवयीचा प्रश्न आहे हे ओळखायचं कसं? ती चिकटवायची पावडर रोज लावली तर चालते का? आणि नणंद म्हणते खाली दोन स्क्रू बसवून टाका, पण या वयात, शुगर असताना?

काणकोणचा काका:
ताई, मी दोन्ही कवळ्यांवाला. खालची सगळ्यांनाच छळते. वरचीला टाळूचा आधार असतो, ती हवा न जाता चिकटून बसते, खालचीला नुसती घोड्याच्या नालेएवढी पट्टी आणि मध्ये जीभ नाचतेय. पहिली गोष्ट, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. पोई असो की पेरू, हाताने किंवा सुरीने लहान तुकडे करा, पुढून चावलं की कवळी मागून उचकटणारच. दुसरी, अर्धा घास डावीकडे अर्धा उजवीकडे ठेवून एकदम चावायचं. आयुष्यभर एका बाजूने चावायची सवय असते म्हणून हे जमायला वेळ लागतो, दीड-दोन महिने तर सहज. जीभ पुढे टेकवून ठेवायची, मागे ओढली की गेली कवळी.

नुस्त्याचं (माशांचं) म्हणाल तर बांगड्याची घाई करू नका. वरच्या कवळीने टाळू झाकलेला असतो, काटा लागतच नाही, सरळ घशात. इसवणाची (सुरमईची) कापं द्या, मधला काटा काढून. लेपो (चपटा मासा), सुंगटं (कोळंबी) पण चालतील, लेपोचे काटे आधी बघून घ्या. पेज निवू द्या, गरम पण कळत नाही तितकं.

पोईवाला:
ऑनलाइन सॉफ्ट लायनिंगचं (कवळीला आतून मऊ थर द्यायचं) किट मिळतं, घरी लावा, कवळी घट्ट. डॉक्टरकडे कशाला फेऱ्या.

दातांची डॉक्टर (रिटायर्ड):
पोईवाला, कृपा करून हे नको. घरी लावलेला थर कुठे जाड कुठे पातळ होतो, चावणं बदलतं आणि हिरडी व हाडावर नको तिथे दाब येतो. कानस किंवा पॉलिश पेपरने घरी घासणंही नको.

ताई, तुमच्याकडे दोन्ही कारणं असू शकतात. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं, पहिल्या वर्षात सर्वात जास्त, आणि पुढे वर्षानुवर्षं खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. दात काढल्यावर लवकर बनवलेली कवळी म्हणूनच सैल होते, त्यात माप घेणाऱ्याचा दोष असेलच असं नाही. तिला आतून नवा थर द्यावा लागतो, त्याला रिलायनिंग म्हणतात. त्यातून वरची जुनी, दात घासून सपाट झालेले, आणि खालची नवी, अशी जोडी असेल तर चावताना वर-खाली नीट मिळत नाहीत आणि खालची ढकलली जाते. म्हणून दाखवायला जाताना दोन्ही न्या. फक्त खालची घासून हे सुटणार नाही असं मला वाटतं.

अपेक्षाही थोडी बेताची ठेवा. पूर्ण कवळीने चावायचा जोर स्वतःच्या दातांच्या चौथा-पाचवा हिस्साच येतो. तोंड कोरडं पडतं का तेही बघा, बीपीच्या काही गोळ्यांनी आणि साखर वाढल्यावर लाळ कमी होते आणि लाळेशिवाय कवळी धरत नाही, उलट खरचटते.

पावडर चालते, पण कोरड्या नाही, धुतलेल्या ओलसर कवळीवर पातळ भुरभुरवून. रोज जास्त जास्त लागायला लागली तर समजा माप गेलंय. क्रीम घेतलीत तर झिंक नसलेली घ्या. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, डायबेटिसमध्ये तर नक्कीच, नाहीतर खाली बुरशी होते. उकळतं पाणी नको, वाकडी होते.

प्रश्नकर्ती:
तोंड कोरडं पडतं हो! रात्री पाणी प्यायला उठतात. आम्ही शुगरमुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. आणि कवळी घालूनच झोपतात, कोणी बघू नये म्हणून. ते स्क्रूचं राहिलं.

दातांची डॉक्टर (रिटायर्ड):
वय आड येत नाही, साखर आटोक्यात पाहिजे, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) बघूनच ठरवतात. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधीच सांगायचं, हे लोक विसरतात. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट (तेच तुमचे स्क्रू) आणि त्यावर बटणासारखी टचकन बसणारी कवळी, खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या बैठकीत तज्ज्ञांनी मांडलं होतं. ती काढून धुवावीच लागते, आतली रबरं मधून मधून बदलावी लागतात. पण आधी रिलायनिंग आणि चावण्याची जुळणी करून बघा, निम्म्या लोकांना... बरं, आकडा नको, बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. बांबोळीला डेंटल कॉलेजात कवळीचा वेगळा विभाग आहे, दुसरं मत घ्यायला तिथे जा.

आणि एक, जायच्या आदल्या दिवशी कवळी घालून जेवायला सांगा, दुखलं तरी. लाल चट्टा ताजा असला की कुठे घासायचं ते नेमकं दिसतं. काढून ठेवून गेलात तर हिरडी बरी झालेली असते आणि डॉक्टर अंदाजाने घासतात.

प्रश्नकर्ती:
हे असंच होत होतं. जायच्या आधी त्या नेहमी काढूनच ठेवायच्या. सोमवारी बांबोळीला नेते, दोन्ही कवळ्या आणि शुगरचे रिपोर्ट घेऊन. इसवण आजच आणलंय.