एसएनसीयूतल्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातल्या) आईबापांकडून खरं काय ते कसं काढून घ्यावं?

प्रश्न (परिचारिका, मराठवाडा)
वॉर्डाबाहेर तक्रारपेटी आहे. उघडली की रिकामी, नाहीतर गुटख्याच्या पुड्या. विचारलं तर सगळ्यांचं एकच, 'चांगलं हाय सिस्टर'. पण कांगारू पद्धतीत (बाळ उघड्या छातीला लावून धरायचं) आया तासभरही बसत नाहीत, मधेच उठतात. कारण कसं कळणार? रुग्ण कल्याण समितीत (दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या) पालक घेऊन फरक पडेल का?

उत्तर १ (गुणवत्ता कक्ष)
ताई, लेकरू तुमच्या ताब्यात आहे तोवर वाकडं कोण बोलेल? विचारणारा बदला, वेळही बदला. आशाताईंच्या घरभेटी 42व्या दिवसापर्यंत असतात, तेव्हा त्यांनी विचारावं. 'सेवा कशी वाटली' हा प्रश्न बाद. त्याऐवजी: बाळाजवळून कशामुळे उठावं लागलं? रात्री आत जायला कोणी अडवलं का? घरी आल्यावर कोणती गोष्ट समजेना? बंजारा तांड्यावर त्यांची गोरमाटी बोलणारी आशाताई असेल तर उत्तरं मोकळी येतात.

उत्तर २ (नवजात विभाग)
कांगारूसाठी डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) 2022ची शिफारस दिवसाला किमान 8 तासांची आहे. बिनपाठीच्या स्टुलावर, टाके दुखत असताना, समोरून पुरुषांची ये-जा चालू असताना ते कसं जमायचं? मागे रेलता येईल अशी खुर्ची, पडदा आणि बाळ बांधायला सुती कापड, एवढं आधी एकाच खुर्चीपुरतं, आठवडाभर करून बघा. तास वाढले तरच पुढच्या खुर्च्या मागा. नोंद आईनेच करावी, दर तासाला कागदावर एक रेघ. अक्षरओळख लागत नाही. सिस्टरने शिफ्ट संपताना अंदाजाने भरलं की सगळ्यांच्याच कागदावर 'दोन तास' दिसतात! आई जेवायला गेली तर बाप किंवा आजीने घ्यावं, पण 40 ते 60 सेकंद साबणाने हात धुऊन.

उत्तर ३
समितीत एकटा पालक नको, मोठ्या साहेबांपुढे तो मान डोलावतो. दोघं-तिघं निमंत्रित घ्या, त्यात आया हव्यात. विषय आदल्या दिवशी फोनवर सांगा, येण्याजाण्याचं भाडं द्या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर गेली की ती माणसं मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतात, म्हणून बदली माणूस आधीच ठरवा. आणि सुचवलेल्याचं काय झालं ते फळ्यावर लिहा. होणार नसेल तर तेही, कारणासकट. फळा कोरा राहिला की पुढच्या खेपेला कोणी काही सांगत नाही.

परिचारिका
मग पेटी काढून टाकू का?

उत्तर १
राहू द्या. फक्त किल्ली वॉर्डात ठेवू नका.