‘मोबदला’, ‘राखणावळ’ की ‘वाटा’? जंगल राखणाऱ्या आदिवासींना मिळणाऱ्या पैशाला काय म्हणावे?

प्रश्न (नाशिक)

येत्या 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनासाठी, पेठ तालुक्यातील एका गावच्या मुलांबरोबर मी भित्तिपत्रक तयार करीत आहे. उष्ण कटिबंधातील जंगले राखणाऱ्या आदिवासी समूहांना त्याबद्दल पैसे देण्याच्या ज्या योजना जगात सुरू झाल्या, त्यांची ओळख त्यात करून द्यायची आहे. कोस्टा रिकाने 1996 च्या वनकायद्याने याची पायाभरणी केली आणि पैशासाठी इंधनावरील कराचा आधार घेतला. इक्वेडोरने 2008 मध्ये ‘सोसिओ बोस्के’ ही योजना आणली; तिच्यात आदिवासी समूह आपले जंगल न तोडण्याचा करार करतात आणि ठरलेली रक्कम घेतात. मी सगळीकडे ‘मोबदला’ असे लिहिले होते. ग्रामसभेत मजकूर वाचून दाखवला, तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, “मोबदला मिळाला म्हणजे रान गेलं ना त्यांचं?” रान गेले नाही, उलट ते राहावे म्हणूनच पैसे दिले जातात, असे मी सांगितले खरे, पण शब्दच चुकीचा पडला होता, हे मला तिथेच उमगले. याला नेमका शब्द कोणता?

उत्तर (सिन्नर)

आजींचे कान अचूक आहेत. ‘मोबदला’ हा शब्द ‘बदल’, ‘बदली’ यांच्याच अरबी कुळातला असून एक वस्तू देऊन तिच्या जागी दुसरी घेणे हा त्याचा मूळ भाव आहे. समृद्धी महामार्गासाठी आमच्या सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांत जमिनी गेल्या, तेव्हा ‘मोबदला किती मिळाला?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जात होता, आणि ज्याला तो विचारला जाई त्याचा सातबारा बदललेला असे. या जिल्ह्यात या शब्दाला जमीन गेल्याचा वास आहे, तो एखाद्या भित्तिपत्रकाने जाणार नाही.

‘भरपाई’ही चालणार नाही. बिबट्याने शेळी मारली, वनरक्षक आला, पंचनामा झाला, मग जे मिळते ती भरपाई. तिच्या आधी नुकसान असावे लागते. ‘अनुदान’ आणि ‘मानधन’ या शब्दांत देणाऱ्याची मर्जी येते. ‘पगार’ हा मात्र विचार करण्यासारखा शब्द आहे. तो मराठीत पोर्तुगीजांकडून आला, आणि ब्राझीलने पर्यावरणसेवांसाठी पैसे देण्याबद्दल 2021 मध्ये जो कायदा केला, त्याच्या पोर्तुगीज नावातला ‘पागामेंतो’ हा आपल्या ‘पगारा’चा सख्खा भाऊ आहे. तरीही पगार म्हटला की वर साहेब आला, म्हणून मी तो सुचवणार नाही.

माझी सूचना ‘राखणावळ’ अशी आहे. शिवण्याची शिवणावळ, घडवण्याची घडणावळ, तशी राखण्याची राखणावळ. शब्द अस्सल आहे, आणि राखणे हे काम आहे, त्याला दाम आहे, हे तो स्पष्टपणे सांगतो.

उत्तर (कळवण)

वरील विवेचन मला पटते, शेवटची सूचना मात्र पटत नाही. माझे वडील गावाची गुरे राखत असत. सकाळी पांढरीवर गुरे गोळा करायची, दिवसभर डोंगरात चारायची आणि खळे झाल्यावर घरोघर जाऊन गुरामागे ठरलेले धान्य घ्यायचे, असा तो व्यवहार होता. त्या गुरांत आमच्याही दोन गाई असत, पण त्यांचे धान्य वडिलांनी कोणाकडे मागितले नाही, कारण आपल्या गाईची राखणावळ आपण घेत नाही. राखणावळ घेणारा राखणदार असतो आणि देणारा धनी. आदिवासींना जंगलाबद्दल राखणावळ मिळते असे लिहिले, की जंगल दुसऱ्या कोणाचे तरी आहे हे आपण न सांगताच मान्य करून बसतो.

हा केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही. आपल्या 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करणे हा कलम 3 मध्ये हक्क म्हणून नोंदवलेला आहे, नोकरी म्हणून नव्हे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जे लोक पायी चालत गेले, त्यांच्या पायांना फोड आले ते याच कायद्याखालच्या जमिनी नावावर व्हाव्यात म्हणून. त्यांच्यापुढे ‘राखणावळ’ हा शब्द ठेवायला माझे मन धजत नाही.

मी ‘वाटा’ असे लिहीन. वाटा भावाला मिळतो, भागीदाराला मिळतो; चाकराला मिळत नाही. इक्वेडोरच्या योजनेच्या नावातील ‘सोसिओ’ या शब्दाचा अर्थच भागीदार असा आहे, ‘बोस्के’ म्हणजे वन. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधील बेलेंच्या हवामान परिषदेत जो ‘ट्रॉपिकल फॉरेस्ट फॉरएव्हर फॅसिलिटी’ हा निधी सुरू झाला, त्याच्या रचनेलाही हाच शब्द बसतो. उभ्या जंगलाच्या दर हेक्टरमागे वर्षाला सुमारे 4 डॉलर देशाला द्यायचे, जंगल तुटल्यास त्यातून कपात करायची आणि मिळालेल्या रकमेतील किमान 20 टक्के आदिवासी व स्थानिक समूहांपर्यंत पोहोचवायचे, असे त्यात ठरले आहे. वीस टक्के हा वाटाच झाला. तो पुरेसा आहे का, असे विचारायचे असेल तर तेही याच शब्दाने विचारता येते. बक्षीस कमी पडले म्हणून कोणी भांडत नाही, वाट्यासाठी भांडता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. उन्हाळ्याच्या तोंडाला वणव्यापासून बचाव म्हणून जाळरेषा काढायला जे लोक जातात, त्यांच्या रोजाला ‘मजुरी’च म्हणावे. तो घामाचा पैसा वाट्यात मिसळला, तर तो देणे टाळायला निमित्त मिळेल.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘मूलनिवासी’ लिहावे की ‘आदिवासी’, हाही प्रश्न मुलांनी काढला होता. गावातील लोक स्वतःला आदिवासी म्हणवतात, फार तर कोकणा किंवा महादेव कोळी असे जमातीचे नाव सांगतात, म्हणून तेच ठेवले आहे. काल मुलांनी जुन्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवून स्केचपेनने नवे वाक्य लिहिले: ‘जंगल आदिवासींचेच आहे, ते उभे राहिल्याने साऱ्या जगाला जो लाभ होतो, त्यातला हा त्यांचा वाटा.’ आजींना ते पुन्हा वाचून दाखवले. त्यांनी विचारले, “आणि तो देणार कधी?”