वुडी परफ्यूम आणि लावणाऱ्याचा स्वभाव : अनुभव धागा

वुडी म्हणजे लाकडी वासाचं: चंदन, सीडर, वाळा, ऊद. महागड्या परफ्यूमच्या जाहिरातीत हे शब्द आले की पाठोपाठ माणसाचं वर्णन येतंच: धीरगंभीर, खंबीर, मोजकं बोलणारा. वासावरून स्वभाव खरंच कळतो का? नसेल, तर समोरच्याला नेमकं काय कळतं? ज्यांचा या विषयात हात बसलाय त्यांनी लिहावं. आठवणी नकोत. काय केलं की काय होतं, किती लावायचं आणि कुठे बिघडतं, एवढंच.

टीपकागद

निवडण्यापासून सुरुवात करतो, कारण निम्मी फसगत तिथेच होते. वुडी परफ्यूमच्या वरच्या थरात बहुधा बर्गमॉट (लिंबूवर्गीय फळ), मिरी, वेलदोडा असं काहीतरी असतं आणि ते १५-२० मिनिटांत उडून जातं. लाकूड त्याच्या खाली असतं. पहिल्या पाच मिनिटांत 'हा माझा वास' असं ठरवणारा लिंबावर आणि मिरीवर भाळलेला असतो.

कागदी पट्टी फक्त नापास करण्यासाठी वापरा. एक फवारा, मग अल्कोहोल उडेपर्यंत अर्धा मिनिट थांबा आणि मग हुंगा. एका वेळी तीन, फार तर चार पट्ट्या. पुढे नाक काहीही सांगतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगण्याचा उपयोग नाही, मोकळ्या हवेत जाऊन या.

जो उरेल तो दुसऱ्या दिवशी अंगावर, कोपराच्या आतल्या बाजूला एकच फवारा. मनगट नको, ते सारखं धुतलं जातं. २० मिनिटं, २ तास आणि ६ तासांनी हुंगून प्रत्येक वेळी दोन-तीन शब्द लिहून ठेवा. सहा तासांनंतरचे शब्द आवडले तरच पुढे जा. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे ५ मिलीच्या नमुन्यात जवळपास ५० फवारे. पंधरा दिवस आरामात वापरून बघता येतं. मोठ्या बाटलीची घाई कशाला?

गाभा

'वुडी' हा एक वास नाही, हे आधी. चंदनाचं तेल खोडाच्या गाभ्यात असतं, मऊ, दुधाळ. त्याच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे मुख्य घटक, अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के अपेक्षित असतं. नुसतं 'चंदन' लिहिलेल्या बाटलीत हे तेल असेलच असं नाही, बरेचदा जॅव्हॅनॉलसारखं कृत्रिम द्रव्य ते काम करतं. व्हर्जिनिया सीडर वनस्पतिशास्त्रानुसार सीडर नाहीच, ते जुनिपर आहे. पेन्सिलीला टोक काढताना येतो तो कोरडा वास त्याचा. वाळा तर गवताची मुळं आणि पॅचुली चक्क पानं, तरी दोन्ही लाकडांच्या पंगतीत बसतात.

ऊद म्हणजे ॲक्विलेरियाच्या झाडाला इजा झाली, बुरशी लागली की लाकडात जी राळ साठते ती. ही झाडं 'साइट्स' या धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात. म्हणून 'ऊद' नावाच्या पुष्कळ बाटल्यांत खऱ्या ऊदाचा थेंबही नसतो, तो वास इतर द्रव्यांतून जुळवलेला असतो. आता अशी बाटली लावणाऱ्याला 'धाडसी, गूढ' म्हणायचं तर म्हणा.

लोक ज्याला 'दरारा' म्हणतात तो बहुतेक वेळा लाकडाचा नसतोच. तो अँबर-वुड गटातल्या कोरड्या, टोचऱ्या कृत्रिम रेणूंचा असतो. किंचित घातले तर खालचं सगळं उचलून धरतात. प्रमाण चुकलं की सर्जिकल स्पिरिट आणि तापलेली धातू आठवते. नाकात वर कुठेतरी टोचल्यासारखं झालं तर ओळखा.

नरसाळं

गाभा यांनी एक रेणू सोडला: आयसो ई सुपर, लाकडी वासाचा कृत्रिम रेणू. २००६ मध्ये आलेल्या 'मॉलेक्यूल ०१' या परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्य म्हणून तेवढं एकच आहे. गंमत अशी की तो काहींना जवळजवळ येतच नाही, काहींना येतो-जातो. त्यात आपलं नाक आपल्याच वासाला लवकर सरावतं. म्हणून लावणाऱ्याला वाटतं 'उडाला', तो आणखी दोन फवारे मारतो आणि शेजारच्याचं डोकं दुखायला लागतं. समोरच्याला जो स्वभाव कळतो तो इथे कळतो. वाळा निवडला की चंदन, हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. खोलीत माणसाआधी वास शिरला तर ते राहतं.

माझा हिशेब असा. ओ द तॉयलेत (तिघांत सौम्य) असेल तर तीन फवारे. त्याहून दाट ओ द पार्फ्यूमला दोन. सगळ्यांत दाट एक्स्त्रे असेल तर एक, तोही छातीवर, कपड्यांच्या आत. बंद खोली, गाडी, दवाखाना अशा ठिकाणी प्रत्येकातून एक कमी, एक्स्त्रे तर लावूच नका. तासाभराने कुणालातरी हातभर अंतरावर उभं करून विचारा. तिथे यायला हवा, दोन हातांवर येऊ नये. विचारायला कुणी नसेल तर दहा मिनिटं बाहेर जाऊन परत खोलीत या, पहिल्या श्वासात खरं काय ते कळतं.

कोरा सदरा

कोरड्या त्वचेवर वास लवकर विरतो. आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, दोन मिनिटांनी फवारा. सुगंधी साबण आणि लोशन यांची वुडीशी हमखास मारामारी होते, विशेषतः फुलांच्या वासाची. मनगटं एकमेकांवर घासू नका. 'रेणू मोडतात' ही थाप आहे, पण घासून उष्णता वाढते आणि वरचा थर लवकर उडतो, हे खरं.

कपड्यावर मारायचा तर २० सेंमीवरून, आतल्या बाजूला. लोकरीत लाकूड कित्येक दिवस राहतं, त्यामुळे रोज वेगळा परफ्यूम वापरणाऱ्यांनी लोकरीच्या वाटेला जाऊ नये. गडद रंगाचा द्रव फिक्या रेशमावर डाग पाडतो.

टीपकागद

स्वभावाबद्दल थोडं. २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला: सुगंधी काही न लावता तीन रात्री घातलेले टी-शर्ट हुंगून लोकांनी बहिर्मुखता, अस्वस्थपणा, वर्चस्व यांचा अंदाज बांधला. तो योगायोगापेक्षा थोडा बरा ठरला, पण संबंध क्षीण होता आणि तो अंगाच्या वासाचा होता, बाटलीतल्या नव्हे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष जास्त कामाचा वाटतो: माणसाने स्वतः निवडलेला परफ्यूम त्याच्या अंगाच्या वासात मिसळला की दुसऱ्याने ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक आवडतो. म्हणून भेट द्यायची तर बाटली नको, चार-पाच नमुने द्या. निवड त्याला करू द्या.

गाभा

आणि 'लाकूड पुरुषांचं' हेही सोडा. शिसेइदो या जपानी कंपनीचं 'फेमिनिते द्यु ब्वा' हे परफ्यूम १९९२ मध्ये सीडरवरच उभं राहिलं, तेही स्त्रियांसाठी. बाकी सगळ्या दुकानातल्या मांडणीवरच्या पाट्या.

नरसाळं

साठवणीचं राहिलं. न्हाणीघरात ठेवू नका. ऊन आणि तापमानाची चढउतार दोन्ही वाईट. मूळ खोक्यात, अंधाऱ्या कपाटात, बूच घट्ट. बाटली अर्ध्याखाली गेली की आत हवा जास्त. मग लहान बाटलीत काढून घ्या. आधी बिघडतात लिंबूवर्गीय द्रव्यं, लाकडं पुष्कळ तग धरतात. त्यामुळे तीन-चार वर्षांची उघडी बाटली 'मुरून जास्त वुडी झाली' असं कुणी म्हणालं तर पहिल्या पाच मिनिटांचा वास विचारा. व्हार्निशसारखा येत असेल तर मुरलेलं काही नाही, वरचा थर मेलाय.